आईच्या कैऱ्या आणि दादाचा चाकू

गेल्या वैशाखात एका रात्री अमेरिकेतून पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे साडेदहा वाजून गेले होते, मी अंथरूण घालायच्या बेतात होतो. एवढ्या उशिरा त्याचा फोन आला की अजूनही छातीत धस्स होतं. पण काळजीचं काही नव्हतं. दादाला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती आणि वहिनी मोठं घर सोडून लहान जागेत राहायला निघाल्या होत्या. घरातलं सामान काढणं चाललं होतं. पुतण्याने कॅमेऱ्यासमोर एक चाकू धरला आणि म्हणाला, "काका, हा बाबांचा. आई म्हणते विकून टाक, घरात आता लहान मुलं असतात. पण विकण्याआधी पॉलिश करून नवा करून घेऊ का, की आहे तसाच देऊ? तुम्ही इतिहासवाले, तुम्ही सांगा."

चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण असा प्रश्न कुठल्या विद्यार्थ्याने विचारला नव्हता. मी म्हटलं, "उद्या सांगतो." त्या 'उद्या'ला पुढे पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत जे वाचलं, आठवलं आणि ट्रंकेत सापडलं ते इथे लिहून ठेवतो आहे. नात्यातली बरीच मंडळी हा ब्लॉग वाचतात, त्यांना दादाचा हा चाकू ऐकून माहीत आहे. इतरांसाठी थोडं मागे जावं लागेल.

आमच्या लहानपणी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात दिवाळीनंतर शिकलगार यायचा. पाठीवर लाकडी चौकट, तिला बसवलेलं दगडी चाक. एका पायाने चाक फिरवायचा आणि विळ्या, कोयते, सुऱ्या, कात्र्या धरून ठिणग्या उडवायचा. मी थोडा वेळ बघून पळायचो. दादा मात्र शेवटची विळी होईपर्यंत उकिडवा बसून राहायचा. 'शिकलगार' हा शब्दच मोठा गमतीचा आहे. मूळ अरबी शब्द 'सैकल', म्हणजे हत्याराला चकाकी आणणं. त्याला फारसी 'गार' लागला आणि तो आपल्याकडे लष्करांबरोबर आला. तलवारीचं पातं घासून लखलखीत करणारा तो शिकलगार. तलवारी गेल्या, विळ्या उरल्या, आणि सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हे आडनाव म्हणूनही उरलं.

दादा १९७२ साली शिकायला अमेरिकेला गेला, पुढे फ्लोरिडात नोकरीला लागला. १९७८ साली त्याचं पत्र आलं की त्याने ऑरलँडोच्या रँडल यांच्या कारखान्यातून एक चाकू मुद्दाम सांगून करवून घेतला आहे. पात्यावर त्याच्या नावाची तीन आद्याक्षरं कोरलेली, मुठीला कातड्याच्या चकत्या एकावर एक दाबून बसवलेल्या, पितळेची आडवी पट्टी, चामड्याचं म्यान आणि म्यानाच्या खिशात धार लावायला लहानसा दगड. किंमतही त्याने भोळेपणाने लिहिली होती. ती तेव्हाच्या माझ्या महिन्याच्या पगाराएवढी होती. त्याच वर्षी आमच्या माजघराची भिंत पावसात पडली होती. त्या पत्राला मी काय उत्तर लिहिलं ते पुढे सांगतो. सांगावंच लागणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, चाकू तो चाकू, त्यात सांगून काय करवून घ्यायचं? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पण या 'कस्टम' चाकूंचा एक स्वतंत्र इतिहास आहे, आणि तो कळल्याशिवाय पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

अमेरिकेत चाकूला नाव मिळवून दिलं ते जिम बोवी नावाच्या माणसाने. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या बेटावर एक द्वंद्वयुद्ध झालं आणि त्यातून मोठी मारामारी पेटली. गोळ्या लागून, वार झेलून पडलेल्या बोवीने मोठ्या चाकूने प्रतिस्पर्ध्याला ठार केलं. वर्तमानपत्रांनी ती हकीकत देशभर नेली आणि प्रत्येकाला 'बोवी नाइफ' हवासा झाला. पुढे १८३६ मध्ये अलामोच्या लढाईत बोवी मारला गेला, चाकूची कीर्ती मात्र वाढतच गेली. गंमत अशी, की अमेरिकेचं हे अस्सल हत्यार इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारखान्यांनी ढिगाने बनवून अमेरिकेत विकलं! हाताने एकेक घडवणारे लोहार हळूहळू मागे पडले.

तो धागा पुन्हा जुळला तो १९३७ मध्ये. ऑरलँडोचे रँडल हे संत्र्यांच्या बागांचे मालक. मिशिगन राज्यातल्या वलून सरोवराकाठी त्यांनी पाहिलं, की एकजण चाकूने होडीचा जुना रंग खरवडतो आहे आणि तरीही चाकूची धार जात नाही. तो चाकू विल्यम स्केगल नावाच्या, एकटाच काम करणाऱ्या कारागिराने घडवलेला होता. रँडल यांनी तो विकत घेतला आणि पुढच्या वर्षापासून छंद म्हणून स्वतः चाकू करू लागले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांची मागणी आली आणि छंदाचा धंदा झाला. मागणी इतकी, की लोकांना महिनोन्‌महिने थांबावं लागे. १९५३ च्या सुमाराला बॉब लव्हलेस हा व्यापारी जहाजावरचा तरुण न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात रँडलचा चाकू घ्यायला गेला. नऊ महिने थांबा, असं ऐकल्यावर तो वैतागून परत फिरला आणि भंगारातल्या मोटारीच्या पाट्यापासून त्याने स्वतःच चाकू केला. हाच लव्हलेस पुढे या कलेतला सर्वांत मोठा मानला गेला. १९७० मध्ये या कारागिरांनी आपला संघ काढला. १९७३ मध्ये बिल मोरान यांनी थरांवर थर जोडून केलेल्या पोलादाचे चाकू प्रदर्शनात मांडले आणि जवळपास विसरली गेलेली ती विद्या अमेरिकेत पुन्हा सुरू झाली.

दमास्कस पोलाद म्हणून जगभर गाजलेलं जुनं पोलाद मात्र निराळं. ते दक्षिण हिंदुस्थानातल्या भट्ट्यांतून, मुशीत वितळवून केलेल्या ढेपांच्या रूपात पश्चिमेकडे जात असे. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी दिसे तिला 'जौहर' म्हणत. ही नक्षी वरून काढलेली नसते, ती पोलादाच्या अंगातच असते. पण कुणी उत्साहाने ते पातं घासून आरशासारखं केलं की जौहर दिसेनासा होतो, आणि मग खनिज क्षाराचं पाणी लावून तो पुन्हा वर आणावा लागतो. म्हणजे जास्त चकाकी आणली तर पात्याची ओळखच पुसते.

हाताने घडवलेल्या चाकूचंही तसंच. कारागिराने पट्ट्यावर पातं धरून जे उतार काढले, ज्या कडा धारदार ठेवल्या, त्या त्याच्या हाताच्या खुणा. पॉलिश म्हणजे काय, तर वरचा थर काढून टाकणं. डाग खोल असेल तर डागाच्या तळापर्यंतचं सगळं पोलाद काढावं लागतं. कडा गोल होतात, कारखान्याचा छाप पुसट होतो. आणि दादाने कोरून घेतलेली तीन अक्षरंही जातात... ही गोष्ट माझ्या लक्षात आली तेव्हा मी चष्मा काढून ठेवला.

आता डागांकडे येऊ. पुतण्याने उजेडात फोटो काढून पाठवले. मी ते संगणकावर मोठे करून पाहिले, तेव्हा कळलं की ज्याला तो सरसकट 'डाग' म्हणत होता त्या चार वेगळ्या गोष्टी होत्या. पात्याच्या मुळाशी तांबूस गंजाचे दहाबारा ठिपके. पितळी पट्टीवर हिरवा कळंक. धारेवर, टोकापासून दोन बोटांवर, अर्ध्या तांदळाएवढी खाच. आणि पात्याच्या मधोमध हाताच्या अंगठ्याएवढा, कडेला निळसर झाक असलेला काळा पट्टा.

तांबूस गंज आणि काळा पट्टा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा चाकू स्टेनलेस नव्हे, कार्बनच्या पोलादाचा आहे. तांबूस गंज भुसभुशीत असतो, हवेतली ओल धरून ठेवतो आणि खाली खाली खात जातो. तो जिवंत असतो म्हणा ना. काळा थर मात्र घट्ट बसतो, पसरत नाही, उलट खालच्या पोलादाला थोडं राखतोच. आपल्या आयाबहिणींना हे पुस्तक न वाचता ठाऊक होतं. लोखंडी विळीवर केळफूल चिरा, कैरी चिरा, पातं काळं पडतं. ते काळं कुणी रोज घासत बसत नसे. पण लाल गंज दिसला की विटेची भुकटी घेऊन लगेच घासलीच. कैरीत आंबट आम्लं असतात आणि तुरट द्रव्यही असतं. तुरट द्रव्य लोखंडाला भेटलं की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई होई ती याच गुणावर. म्हणजे दादाच्या चाकूवरचा तो पट्टा एक प्रकारची शाईच.

आणि ती शाई कुणी सांडली, हे मला फोटो बघताक्षणी आठवलं. पण खात्री हवी म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली काढली. दादाची पत्रं सालवार बांधून ठेवलेली आहेत (मास्तराची खोड!). १९८६ च्या गठ्ठ्यात ते पत्र सापडलं.

त्या वर्षी आई चार महिने दादाकडे गेली होती. तिची आयुष्यातली ती एकच परदेशवारी. दादाचं गाव मायामीच्या उत्तरेला, समुद्राजवळ. शेजाऱ्याच्या परसात आंब्याचं झाड होतं. दक्षिण फ्लोरिडात आंबा चांगला होतो आणि त्याचा आपल्याशी संबंध आहे. १८८९ मध्ये हिंदुस्थानातून तिकडे आंब्याची कलमं पाठवली गेली. त्यांतलं मलगोब्याचं एक झाड वेस्ट पाम बीचला जगलं आणि १८९८ मध्ये त्याला फळं आली. त्याच फळांच्या कोयींपासून पुढे तिथली प्रसिद्ध 'हेडन' जात निघाली. आईला हे काही माहीत नव्हतं. तिला दिसल्या त्या कैऱ्या, आणि कैऱ्या दिसल्यावर लोणचं घालायचं नाही हे तिच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

अडचण आली फोडींची. लोणच्याची फोड कोयीसकट हवी. वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या नाजूक दातेरी सुऱ्या कोयीपुढे टेकल्या. तेव्हा आईने कपाटातून दादाचा तो जपून ठेवलेला चाकू काढला, कैरीवर पातं ठेवलं आणि पात्याच्या पाठीवर लाटण्याचे ठोके घालत सगळ्या कैऱ्या फोडल्या. मग हळद-मीठ लावायच्या गडबडीत चाकू तसाच राहिला, आणि संध्याकाळी कुणीतरी ओलाच म्यानात घातला. चामड्याच्या म्यानात ओल धरून राहते, त्यात तिकडची समुद्राकाठची हवा. मुळाशी लाल ठिपके आणि पितळेवर कळंक त्यामुळे. बाकीचे दोन डाग आईचे.

दादाने लिहिलं होतं: "आईने तुझ्या आवडीचं लोणचं घातलंय. माझ्या चाकूवर काळा डाग पडला आणि धारेला खाच पडली. कारखान्याकडे पाठवलं तर नवा करून देतील म्हणतात. मी पाठवणार नाही. हा चाकू घरात कुणाच्याही उपयोगाचा नाही असं तू लिहिलं होतंस. आता झाला बघ उपयोगाचा."

पत्र वाचून झाल्यावर माझं उत्तर ठरल्यासारखंच होतं. डागाला हात लावायचा नाही! पण मग माझ्यातला मास्तर जागा झाला. आईची आठवण म्हणून डाग ठेवा, हे माझं मत झालं. ज्याला चाकू विकायचा आहे तो परका माणूस, त्याला माझी आई कोण? भावना बाजूला ठेवून काही सांगता येतं का, ते पाहायला हवं होतं.

म्हणून इतरांनी काय केलं ते बघितलं. आपल्याकडची फिरंग घ्या. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांकडून आलेली युरोपातली सरळ लांब पाती आणि त्यांना इथे बसवलेली आपली मूठ. तंजावरच्या मराठ्यांच्या शस्त्रांत तर अशा कट्यारी आहेत, की ज्यांची पाती मुळात युरोपी तलवारींची. पातं मुठीला जोडताना जे खिळे मारले ते उघड दिसतात, कुणी लपवले नाहीत. वापरातलं हत्यार होतं, ते दुरुस्त केलं, धार लावली, पुन्हा वापरलं. तेव्हाचा शिकलगार दरवर्षी पातं घासत होता आणि त्यात काहीही चूक नव्हती. उद्या ज्याच्या जिवावर बेतणार आहे त्याने गंज जपून कसा चालेल?

जपान्यांनी दोन्ही गोष्टी एकाच तलवारीत सांभाळल्या. पातं घासणारे तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे तज्ज्ञ, एकेका तलवारीवर दिवसचे दिवस घालवणारे. पण प्रत्येक घासणीत थोडं पोलाद जातंच, म्हणून ते उगाच घासत नाहीत. आणि मुठीत दडलेला जो भाग, ज्यावर लोहाराची सही असते, त्याच्यावरचा गंज कधीच काढत नाहीत. त्या गंजाच्या रंगावरून तलवारीचं वय ओळखतात. तो साफ केला की तलवारीची किंमत घसरते, कारण पुरावाच गेला.

तिसरं उदाहरण थेट रँडलच्या चाकूचंच. अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांसाठी त्यांनी खास चाकू केले होते. २१ जुलै १९६१ रोजी गस ग्रिसम अंतराळातून परतला, अटलांटिकमध्ये त्याचं यान उतरलं आणि यानाचं दार अचानक उडालं. ग्रिसम कसाबसा वाचला, 'लिबर्टी बेल ७' मात्र साडेचार किलोमीटरहून अधिक खोल बुडालं. अडतीस वर्षांनी, २० जुलै १९९९ ला ते वर काढलं, आणि आतल्या सामानात ग्रिसमचा चाकूही मिळाला. वर काढल्याबरोबर पुसून कोरडं केलं असेल असं आपल्याला वाटेल. पण नाही, यान समुद्राच्या पाण्यातच ठेवून नेलं, कारण हवा लागली की गंज झपाट्याने धावतो. मग कॅन्ससमधल्या संग्रहालयात ते सुटं केलं, क्षार धुऊन काढले, पुन्हा जोडलं. नाश थांबवला, पण ते बुडालंच नव्हतं असं दिसावं हा प्रयत्न केला नाही.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "काका, पण हे म्युझियममध्ये जाणार नाहीये. कोणी शिकारीला, कॅम्पिंगला नेणारा घेईल. त्याला स्वच्छ चाकू हवा असेल तर? आणि मी गाडी विकतो तेव्हा धुऊन विकतोच ना?"

मुद्दा बिनतोड होता. वस्तू वापरासाठी असते. आपण तिला डागांसकट काचेत ठेवावं असा हट्ट धरला तर तोही एक प्रकारचा अन्यायच. मी विचार करून त्याला तीन प्रश्न दिले. शाळेत द्यायचो तसे. पहिला, हा डाग वाढतो आहे का? वाढत असेल तर थांबवणं हे मालकाचं कर्तव्य, मग तो कितीही जुना असो. दुसरा, जे आपण काढू ते नंतर कुणाला परत आणता येईल का? काळा पट्टा आज ठेवला तर घेणाऱ्याला उद्या घासून घेता येईल. आज आपण घासला तर त्याच्या हातात काहीच उरत नाही, छाप नाही, अक्षरं नाहीत, मूळ कडा नाहीत. म्हणजे न घासण्यात त्याचंही स्वातंत्र्य राहतं. तिसरा, आपण जे करतो आहोत ते घेणाऱ्याला सांगण्यासारखं आहे का? गाडी धुणं वेगळं आणि ठोकर लागलेला पत्रा रंगवून 'कधी आपटलीच नाही' म्हणणं वेगळं. या प्रश्नाशी अडखळलो तर समजावं, की आपण दुरुस्ती करत नसून झाकाझाक करत आहोत.

पुतण्याने मग काय केलं, तर लाल ठिपक्यांवर हलकं तेल लावून एक रात्र ठेवलं आणि मऊ फडक्याने अलगद पुसून काढलं. खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहिले, ते राहू दिले. पितळेवरचा कळंक लाकडी काडीने खरवडला. काळ्या पट्ट्याला आणि खाचेला हात लावला नाही. पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवला आणि चाकू म्यानाबाहेर, कोरड्या कापडात ठेवला. म्यान वेगळं. आणि विकायच्या मजकुरात सगळे दोष एकेक करून लिहिले, जवळून काढलेल्या फोटोंसकट.

याचा तोटा झाला, हेही सांगितलं पाहिजे. पहिल्या माणसाने फोटो पाहून पाठ फिरवली. दुसऱ्याने इतका कमी भाव सांगितला की पुतण्याचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता, पण 'तुमचं ऐकलं आणि...' हे मला ऐकू आलंच. पॉलिश करून जास्त आले असते का? असतेही. मी त्याला ठामपणे 'नाही' म्हणू शकलो नाही. दिवाळीच्या थोडं आधी तिसरा माणूस आला. रँडलचे जुने चाकू जमवणारा. त्याने पहिल्यांदा छाप आणि म्यान तपासलं, मग विचारलं, "मधला डाग कसला?" पुतण्याने सांगितलं. त्याने मागितलेल्या किमतीपेक्षा थोडं कमी देऊन चाकू घेतला, आणि एक विनंती केली. त्या पत्राविषयी चार ओळी लिहून मिळतील का? वस्तूबरोबर कागद असला तर बरं.

हे ऐकून इतिहासाच्या मास्तराला आनंद न होईल तर नवल! कागदाविना वस्तू मुकी असते हे वर्गात किती वेळा सांगितलं असेल. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाचं इंग्रजी ते काय, तरी शब्दकोश घेऊन बसलो आणि दादाच्या पत्रातल्या त्या ओळींचं भाषांतर केलं. साल, गाव, कैऱ्या, लाटणं, सगळं आलं. नातीने टाइप करून दिलं. पुतण्याने ते चाकूबरोबर पाठवलं.

आणि आठ दिवसांनी ट्रंकेत ते पत्र परत ठेवताना माझ्या लक्षात आलं, की मी एक ओळ गाळली होती. 'हा चाकू घरात कुणाच्याही उपयोगाचा नाही असं तू लिहिलं होतंस.' ही ओळ इंग्रजीत उतरलीच नव्हती. शब्द अडला म्हणून नव्हे.

१९७८ मधलं माझं ते पत्र आता उपलब्ध नाही, दादाने ठेवलं की फाडलं कोण जाणे. पण मला ते जवळजवळ पाठ आहे. 'तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार' असा रीतसर मायना घालून मी खाली लिहिलं होतं, की इकडे भिंत पडली आहे आणि तुम्ही सुऱ्यांचे शौक करता. हा चाकू या घरात कुणाच्याही उपयोगाचा नाही. अण्णांनी मला असं लिहायला सांगितलं नव्हतं. उलट भिंतीसाठीचे पैसे दादाने चाकूच्या आधीच पाठवले होते, ते पत्र मागाहून पोचलं. ते मिळाल्यावरही मी माझे शब्द मागे घेतले नाहीत. दादानेही कधी तो विषय काढला नाही. आठ वर्षांनी कैऱ्यांच्या निमित्ताने तेवढी एक ओळ लिहिली, आणि तीही हसत.

पुतण्याला पंधरा दिवस 'झाकू नका, पुसू नका' असा उपदेश करणाऱ्या मास्तराने आपल्या वाट्याचा डाग मात्र पहिल्या झटक्यात घासून टाकला होता. तिसरा प्रश्न मला मी विचारलाच नव्हता. बरं, घासून टाकल्यावर त्या पत्राचं झालं काय? शेवटची ओळ, 'आता झाला बघ उपयोगाचा', ती भाषांतरात होती, पण तिला अर्थच राहिला नाही. घेणाऱ्याला वाटलं असेल, चाकू लोणच्याला उपयोगी पडला एवढंच.

मग मी पुतण्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो काही वेळ गप्प होता. म्हणाला, "काका, बाबा तुमच्याबद्दल असं कधीच बोलले नाहीत." मला ते माहीत होतं. त्याला म्हटलं, गाळलेली ओळ घालून पुन्हा पाठवतो, त्या गृहस्थाला पोचव. तसं केलं. चाकू आता आमच्या घरातला नाही, पण त्याच्याबरोबरचा कागद तरी पुरा आहे.

आईचं ते लोणचं, बरं का, मी खाल्लं आहे. परतताना तिने एक बरणी माझ्यासाठी आणली होती. फोडी नेहमीसारख्या एकसारख्या नव्हत्या, काही जाड, काही तिरक्या. मी तेव्हा नाव ठेवलं होतं. ती म्हणाली, "विळी नव्हती रे तिकडे. दादाच्या चाकूने केल्या." पुढे काही बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

असो. नात्यातल्या ज्यांच्याकडे दादाची जुनी पत्रं किंवा फोटो असतील त्यांनी जरूर कळवावं. फाटके, डागाळलेले असले तरी चालतील. पुसू मात्र नका.